इंग्रजी विशेषणं: सांगलीच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी आहे. दहावीची मुलं, त्यांचे पालक, कॉलेजात गेल्यावर इंग्रजीला अडखळणारे, कुपवाडच्या एमआयडीसीत मुलाखतीला निघालेले, आणि तासगावहून बेदाण्याची माहिती इंग्रजीत लिहून घ्यायला आलेले शेतकरीसुद्धा. प्रश्न त्यांचेच आहेत. विशेषण म्हणजे काय हे मराठी माणसाला लहानपणापासून कळतं. अडचण येते ती मराठी आणि इंग्रजी जिथे वेगवेगळ्या वाटेनं जातात, त्या मोजक्या ठिकाणी. उत्तरांचा भर त्या ठिकाणांवरच ठेवला आहे.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती न अडखळता मोठ्यानं वाचता येतील. डोळ्यांनी नुसती चाळू नका. विशेषणाची चूक बऱ्याचदा आधी कानाला खटकते.

व्याख्या पाठ आहे, तरी पेपरात विशेषण ओळखताना का चुकतं?

कारण आपण शब्दाकडे बघतो, त्याच्या कामाकडे बघत नाही. ‘फास्ट’ हा शब्द घ्या. ‘अ फास्ट बस’ म्हटलं तर तो बसबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. ‘द बस वेंट फास्ट’ म्हटलं तर तो जाण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. शब्द तोच, काम वेगळं. ‘स्टोन’ हे एरवी नाम, पण ‘स्टोन ब्रिज’मध्ये ते पूल कसला आहे ते सांगतं. आपल्याकडे ‘शुगर फॅक्टरी’ आणि ‘ग्रेप फार्म’ हे रोज कानावर पडणारे शब्द असेच बनले आहेत.

म्हणून शब्दाखाली रेघ मारण्याआधी वाक्यातलं नाम शोधा आणि त्याला विचारा: कसं? कोणतं? किती? जो शब्द उत्तर देईल ते विशेषण.

विशेषण दोन जागी सापडतं. एक नामाच्या अगदी आधी: ‘अ डीप वेल’. दुसरी ‘इज’, ‘आर’, ‘लुक’, ‘सीम’ अशा क्रियापदांच्या नंतर: ‘द वेल इज डीप’. बहुतेक विशेषणं दोन्ही जागी चालतात, थोडी हट्टी असतात. झोपलेलं बाळ म्हणजे ‘ॲन अस्लीप बेबी’ होत नाही, ‘अ स्लीपिंग बेबी’ होतं. पण ‘द बेबी इज अस्लीप’ बरोबर. ‘अफ्रेड’, ‘अलाइव्ह’, ‘अलोन’, ‘अवेक’ ही याच घरातली, नामाच्या आधी बसत नाहीत. उलट ‘मेन’ नामाच्या आधीच बसतं: ‘द मेन रोड’ चालतं, ‘द रोड इज मेन’ नाही.

चांगला, चांगली, चांगले असं इंग्रजीत काहीच का नाही?

नाही, आणि ही आपल्यासाठी सुट्टीच आहे. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगल्या मुली, चांगल्या मुलाला असं विशेषण नामामागे फिरत राहतं. इंग्रजीत सगळीकडे ‘गुड’. मराठीतही ‘सुंदर’, ‘हुशार’, ‘लाल’ हे शब्द बदलत नाहीत. इंग्रजीची सगळी वर्णनं करणारी विशेषणं ‘सुंदर’सारखी आहेत असं समजा.

तरीही अनेकवचनात ‘टॉल्स बॉइज’, ‘रिचेस पीपल’ असं लिहिलेलं दिसतं. विशेषणाला ‘एस’ लावू नका. बदलतात ते फक्त दोन जोड्यांतले शब्द: ‘धिस’चं ‘धीज’ आणि ‘दॅट’चं ‘दोज’. ‘धिस मँगोज’ ही आपल्याकडची फार सामान्य चूक आहे. ‘धीज मँगोज’ म्हणायला हवं.

‘मला कंटाळा आला’ म्हणजे ‘आय ॲम बोअरिंग’ ना?

नाही. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा आहे, माझ्याशी बोलून लोक वैतागतात’. तुम्हाला कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’.

हा प्रश्न वरवर एका प्रत्ययाचा वाटतो, पण त्याचं मूळ खोल आहे आणि तिथे थोडा वेळ दिला पाहिजे. मनात किंवा शरीरात काही झालं की मराठी ते नामानं सांगते आणि माणसाला ‘ला’ लावते: मला भूक लागली, मला राग आला, मला भीती वाटते, मला लाज वाटते, मला झोप आली. इथे भूक, राग, भीती ही नामं आहेत, जणू ती बाहेरून आपल्याकडे येतात. इंग्रजी तिथे माणसालाच कर्ता करते आणि त्याला विशेषण लावते: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अँग्री’, ‘आय ॲम अफ्रेड’, ‘आय ॲम अशेम्ड’, ‘आय ॲम स्लीपी’. मराठीत विशेषण नसलेल्या जागी इंग्रजीत विशेषण लागतं, म्हणून शब्दाला शब्द लावून भाषांतर करणारा मुलगा इथे हमखास अडकतो. त्याला ‘हंगर’ आठवतं, ‘हंग्री’ आठवत नाही.

थंडीचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. ‘मला थंडी वाजते’ म्हणजे ‘आय ॲम फीलिंग कोल्ड’; इथे ‘कोल्ड’ विशेषण. ‘मला सर्दी झाली’ म्हणजे ‘आय हॅव अ कोल्ड’. इथे ‘कोल्ड’ नाम, म्हणून ‘हॅव’ आलं आणि ‘अ’ आला. डॉक्टरांना इंग्रजीत तक्रार सांगताना या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर औषधच बदलेल.

आता प्रत्ययाचं. ज्या गोष्टीमुळे भावना येते तिला ‘इंग’, ज्याला भावना येते त्याला ‘ईडी’. ‘द मॅच वॉज एक्सायटिंग, वी वेअर एक्सायटेड.’ ‘द रिझल्ट वॉज शॉकिंग, माय पेरेंट्स वेअर शॉक्ड.’ ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’, ‘कन्फ्यूजिंग’ आणि ‘कन्फ्यूज्ड’, ‘टायरिंग’ आणि ‘टायर्ड’ अशा जोड्या एकत्रच शिका. माणसाला ‘इंग’ लावणं कायम चूक नसतं. ‘शी इज ॲन इंटरेस्टिंग टीचर’ म्हणजे तिचं शिकवणं ऐकावंसं वाटतं. अर्थ वेगळा आहे एवढंच.

तीन-चार विशेषणं एकापुढे एक आली तर कुठलं आधी?

शाळेत एक लांब क्रम सांगतात: मत, आकारमान, वय, आकार, रंग, कुठलं, कशाचं, कशासाठी. तो बरोबर आहे. पण तो पाठ करण्याआधी मराठी ऐकून बघा. आपण ‘मोठं जुनं दगडी घर’ म्हणतो. ‘दगडी जुनं मोठं घर’ म्हटलं तर कान उभे राहतात. म्हणजे वस्तू कशाची आहे ते सांगणारा शब्द नामाला चिकटून बसतो, हे मराठीलाही माहीत आहे. इंग्रजीतही ‘अ बिग ओल्ड स्टोन हाउस’. आपल्या मतापासून सुरुवात करायची आणि वस्तूच्या घडणीपर्यंत जायचं.

मिरजेत सतार बनवणारे कारागीर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा सतारीबद्दल लिहायचं तर ‘अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन सितार’. ‘ब्यूटिफुल’ हे मत, म्हणून सगळ्यात आधी. ‘वुडन’ नामाजवळ. भोपळ्याचा गोल भाग दाखवायचा असेल तर ‘अ लार्ज राउंड गोर्ड’: आकारमान आधी, आकार नंतर.

अंक या सगळ्यांच्या आधी येतात, आणि क्रम सांगणारा अंक मोजणीच्या अंकाच्याही आधी: ‘द फर्स्ट थ्री डेज’. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या नाटकाबद्दल लिहिताना ‘द फर्स्ट मराठी प्ले’ असं येतं, ‘मराठी फर्स्ट प्ले’ नाही.

एका नामापुढे तीनपेक्षा जास्त विशेषणं लावूच नयेत, असं मला मनापासून वाटतं. परीक्षेतली पाच विशेषणांची रचना रोजच्या लिहिण्यात कुणी वापरत नाही. उरलेली माहिती पुढच्या वाक्यात द्या.

‘राम इज टॉल दॅन श्याम’ यात काय चुकलं?

‘टॉलर’ हवं. हीसुद्धा मराठीच्या सवयीतून आलेली चूक आहे. आपण ‘राम श्यामपेक्षा उंच आहे’ म्हणतो. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो, ‘उंच’ जसाच्या तसा राहतो. संस्कृतातून आलेले ‘उच्चतर’, ‘उच्चतम’ असे शब्द आपल्याकडे आहेत, पण बोलताना ते कुणी वापरत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे खूण लागते. विशेषणाला ‘एर’ आणि पुढे ‘दॅन’. एक लावून दुसरं विसरलं की वाक्य लंगडतं.

मग ‘एर’ कधी आणि ‘मोर’ कधी?

शब्द तोंडानं तोडून बघा. एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्द असेल तर ‘एर’, ‘एस्ट’: ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’. तीन किंवा जास्त झटके असतील तर ‘मोर’, ‘मोस्ट’: ब्यू-टि-फुल, म्हणून ‘मोर ब्यूटिफुल’. दोन झटक्यांचा शब्द ‘वाय’नं संपत असेल तर ‘वाय’च्या जागी ‘आय’ येऊन ‘एर’: ‘हॅपी, हॅपिअर’. दोन झटक्यांच्या बाकीच्या शब्दांना बहुधा ‘मोर’: ‘मोर केअरफुल’, ‘मोर यूजफुल’. ‘क्लेव्हर’, ‘सिंपल’, ‘नॅरो’ यांना ‘एर’ही चालतं.

स्पेलिंगची एक गोष्ट: ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’ अशा छोट्या शब्दांत शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं. ‘बिगर’मध्ये दोन ‘जी’, ‘हॉटर’मध्ये दोन ‘टी’.

‘गुड, बेटर, बेस्ट’, ‘बॅड, वर्स, वर्स्ट’, ‘लिटल, लेस, लीस्ट’ हे पाठ करण्याला पर्याय नाही. आणि ‘मोर बेटर’ नको, कारण ‘बेटर’मध्ये ‘मोर’ आधीच आलेलं आहे. फरक फार आहे असं सांगायचं तर ‘मच बेटर’ म्हणा. ‘व्हेरी बेटर’सुद्धा चूक.

बोर्डाच्या पेपरात डिग्री बदला असा प्रश्न येतो. सूत्र सांगा.

सूत्रापेक्षा आधी अर्थ बघा. वाक्यात एकच गोष्ट सगळ्यात वर आहे, की ती वरच्या काहींपैकी एक आहे, की फक्त दोघांची तुलना आहे? या तीन अर्थांना तीन वेगळे साचे आहेत.

एकच सगळ्यात वर असेल तेव्हा: ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ १,६४६ मीटर उंचीचं हे शिखर राज्यात सगळ्यात उंच आहे, त्याला बरोबरीचं कुणी नाही. म्हणून ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’, आणि ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई’. ‘एनी अदर’ आणि ‘नो अदर’ यांच्या नंतर एकवचन. इथला ‘अदर’ गाळू नका. तो गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच होते.

काहींपैकी एक असेल तेव्हा: ‘द कृष्णा इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया.’ महाबळेश्वरला उगम पावून सांगलीवरून पुढे जाणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर लांब आहे, पण गंगा, गोदावरी तिच्याहून लांब आहेत. म्हणून इथे ‘एनी अदर’ लिहिलं तर वाक्य व्याकरणात बसेल आणि भूगोलात खोटं पडेल. ‘द कृष्णा इज लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स इन इंडिया’, आणि ‘व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर ॲज लाँग ॲज द कृष्णा’. इथे सगळीकडे अनेकवचन.

फक्त दोघं असतील तेव्हा: ‘द गोदावरी इज लाँगर दॅन द कृष्णा.’ उलटं करताना ‘द कृष्णा इज नॉट ॲज लाँग ॲज द गोदावरी.’ दोघांत ‘लाँगेस्ट’ येत नाही. ‘सुपरलेटिव्ह करा’ असं विचारलं नसेल तर ओढूनताणून करू नका.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते दुसऱ्या प्रकारात पहिल्याचा साचा लावल्यामुळे. ‘वन ऑफ’ दिसलं की त्याला गोल करा.

‘एल्डर’ आणि ‘ओल्डर’ यांत फरक काय? ‘सीनियर दॅन’ चालतं का?

‘एल्डर’ घरातल्या नात्यासाठी, नामाच्या आधी: ‘माय एल्डर सिस्टर’. ‘दॅन’ आलं की ‘ओल्डर’च: ‘शी इज थ्री इयर्स ओल्डर दॅन मी’. ‘एल्डर दॅन’ कधीच नाही. ‘मोठा’ म्हणजे ‘बिग’ असं धरून काही मुलं ‘ही इज थ्री इयर्स बिगर’ लिहितात. वयाचं मोठेपण ‘ओल्डर’नं सांगायचं.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो. ‘ही इज सीनियर टू मी.’

‘गुड इन मॅथ्स’, ‘मॅरिड विथ’, ‘अँग्री ऑन मी’. सगळे असंच बोलतात, मग चूक कशी?

बोलतात, कारण मराठी प्रत्यय त्यांच्या जिभेवर आहेत. गणितात हुशार, म्हणून ‘इन’. अमुक एकीशी लग्न, म्हणून ‘विथ’. माझ्यावर रागावली, म्हणून ‘ऑन’. प्रत्येक ठिकाणी मराठीचा तर्क बरोबर आहे, फक्त इंग्रजीनं दुसरा शब्द ठरवलेला आहे. ‘गुड ॲट मॅथ्स’, ‘मॅरिड टू’, ‘अँग्री विथ’. तसंच ‘अफ्रेड ऑफ’, ‘प्राउड ऑफ’, ‘फाँड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘फेमस फॉर’, ‘डिफरंट फ्रॉम’, ‘सिमिलर टू’.

याला नियम शोधत बसू नका. विशेषण वहीत लिहितानाच त्याचा जोडीदार शब्दही लिहा आणि खाली आपलं वाक्य लिहा. ‘सांगली इज फेमस फॉर टर्मरिक.’ सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हे वाक्य पाठ करायला कुणाला अवघड जाऊ नये. सुटं ‘फेमस’ लिहिलेली वही महिन्याभरात निरुपयोगी होते.

‘द टी स्मेल्स गुड’ की ‘वेल’?

‘गुड’. वास घेणारा चहा नाही. चहा कसा आहे ते आपण सांगतोय, म्हणून विशेषण. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’, ‘सीम’ यांच्यानंतर असंच: ‘द भडंग टेस्ट्स स्पायसी’, ‘यू लुक टायर्ड’.

काम कसं केलं ते सांगायचं तेव्हा ‘वेल’: ‘शी सिंग्ज वेल’. ‘शी सिंग्ज गुड’ टाळा. तब्येतीबद्दल मात्र ‘आय ॲम वेल’ चालतं, तिथे ‘वेल’ विशेषण आहे.

‘एलवाय’ दिसलं की क्रियाविशेषण, हा नियमही डोळे झाकून लावू नका. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणं आहेत. आणि ‘हार्ड’ला ‘एलवाय’ लावला तर अर्थ उलटा होतो. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. नोकरीच्या अर्जात हे दुसरं वाक्य गेलेलं मी वाचलं आहे.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एवढ्याशा ‘अ’नं काय फरक पडतो?

‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे का होईना, आले. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलंच नाही. पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात तक्रार. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ तसेच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी: पाणी, पैसा, वेळ. ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’ हे जतच्या उन्हाळ्यातलं वाक्य आहे. त्यात ‘अ’ घातला तर पाणी पुरेल असं वाटेल.

‘मेनी’ मोजता येणाऱ्यांना, ‘मच’ न मोजता येणाऱ्यांना. रोजच्या बोलण्यात दोन्ही जागी ‘अ लॉट ऑफ’ बिनधास्त वापरा.

एका मराठी विशेषणाला इंग्रजीत नेमका कुठला शब्द?

एकास एक शब्द क्वचितच मिळतो. नाम बघून शब्द ठरतो. माणूस आणि झाड ‘टॉल’, डोंगर आणि भिंत ‘हाय’. मराठीत चारही उंच. आमटी पातळ, कागद पातळ आणि माणूस बारीक, तिघांना ‘थिन’ चालेल. पण माणसाला ‘स्लिम’ म्हटलं तर कौतुक होतं आणि ‘स्किनी’ म्हटलं तर तो दुखावतो. ‘तिखट’ला ‘हॉट’ म्हणाल तर पाहुणा ‘गरम’ समजेल, म्हणून ‘स्पायसी’ म्हणा. वस्तू ‘चीप’ असते, किंमत ‘चीप’ नसते, ती ‘लो’ असते. शिवाय ‘चीप’मध्ये हलक्या प्रतीचा वास येतो. आपल्या मालाला स्वतःच ‘चीप’ म्हणू नये, ‘रीझनेबल’ म्हणावं.

मराठीचं खरं वैभव दिसतं ते हिरवागार, लालभडक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट, पिवळाधमक या शब्दांत. मुलं विचारतात, ‘पिवळाधमक’ला काय म्हणायचं? रंगापुढे आणखी एक शब्द ठेवा: ‘ब्राइट यलो’, ‘लश ग्रीन’, ‘स्नो-व्हाइट’, ‘पिच-ब्लॅक’. यांत ‘लश’ फक्त झाडापाल्याला आणि शेतांना चालतं, हिरव्या शर्टाला नाही. मराठीत आपण ‘गरम गरम चहा’, ‘लहान लहान मुलं’ असं शब्द दोनदा म्हणून जोर देतो. इंग्रजीत ‘हॉट हॉट टी’ म्हणू नका. ‘पायपिंग हॉट टी’ म्हणा, किंवा साधं ‘व्हेरी हॉट’.

‘खमंग’ला मात्र एक शब्द नाही. तिथे हट्ट न धरता काय झालंय ते सांगा: भाजलेलं असेल तर ‘फ्रेशली रोस्टेड’, कुरकुरीत असेल तर ‘क्रिस्पी’, वास चांगला असेल तर ‘फ्रॅग्रंट’. भडंगाला तिन्ही लागतील.

बेदाण्याची माहिती इंग्रजीत लिहायची आहे. ‘बेस्ट क्वालिटी’ लिहिलं तर पुरे ना?

नाही, कारण प्रत्येक पेटीवर तेच असतं. घेणाऱ्याला बघता आणि मोजता येणारी विशेषणं हवी असतात. सौद्यात तुम्ही स्वतः बेदाणा हातात घेऊन काय बघता ते आठवा. रंग: ‘ग्रीन’, ‘गोल्डन’, ‘ब्लॅक’. आकार: ‘लाँग’ की ‘राउंड’. बी: ‘सीडलेस’. दाणे सारखे असतील तर ‘युनिफॉर्म’. हाताला चिकटत नसतील तर ‘नॉन-स्टिकी’. मग लिहा: ‘लाँग, ग्रीन, सीडलेस रेझिन्स, युनिफॉर्म इन साइझ’. यात ‘बेस्ट’ नाही, तरी माल चांगला आहे हे कळतं. जे नाही ते मात्र लिहू नका. ‘ऑरगॅनिक’ हे विशेषण प्रमाणपत्र असल्याशिवाय वापरू नये.

हळदीलाही हेच लागू आहे. ‘व्होल’ की ‘ग्राउंड’, ‘पॉलिश्ड’ की ‘अनपॉलिश्ड’, हे आधी सांगा.

मुलाखतीत ‘आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सियर अँड ऑनेस्ट’ म्हणायचं का?

प्रत्येक उमेदवार हेच तीन शब्द म्हणतो, त्यामुळे समोरच्याला त्यातून काही कळत नाही. एकच विशेषण घ्या आणि लगेच पुरावा द्या. ‘आय ॲम पंक्चुअल. आय ट्रॅव्हल्ड फ्रॉम पलूस टू सांगली एव्हरी डे अँड नेव्हर मिस्ड द फर्स्ट लेक्चर.’ हे खरं असेल तरच म्हणा. तुमचा पुरावा तुमचाच हवा. गावाकडच्या मुलांकडे असे पुरावे भरपूर असतात: घरचं शेत सांभाळून शिकलेली मुलं, धाकट्यांचा अभ्यास घेणाऱ्या मुली. हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पाच वर्षांचा मुलगा’: ‘अ फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’?

‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. मोजमाप नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की एकवचन: ‘अ टू-एकर फार्म’, ‘अ टेन-किलो बॉक्स’. मधे आडवी रेघ. ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ यात मात्र ‘इयर्स’.

‘अ’ की ‘ॲन’ हे नाम बघून ठरवायचं की विशेषण बघून?

लगेच पुढे जो शब्द येतो त्याचा उच्चार ऐकून. ‘अ मॅन’, पण ‘ॲन ओल्ड मॅन’. ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, कारण ‘एच’ ऐकू येत नाही. ‘अ यूजफुल बुक’, कारण तोंडातून ‘यू’ निघतो, ‘अ’ निघत नाही.

आम्हाला इंग्रजी येत नाही. घरी मुलाचा सराव कसा घ्यायचा?

येतं तेवढ्यावर घेता येतो. घरातली एक वस्तू समोर ठेवा, वांगं, चप्पल, छत्री, काहीही. मुलाला आधी मराठीत तीन विशेषणं म्हणू द्या: एक डोळ्याला दिसणारं, एक हाताला लागणारं, एक त्याच्या मनातलं. मग तीच इंग्रजीत. ‘नाइस’ आणि ‘गुड’ या दोन शब्दांना त्या दिवशी बंदी. शब्द अडला तर त्याला शब्दकोश काढू द्या, तुम्ही घाई करू नका. मग दोन वस्तू ठेवा आणि तुलना करायला सांगा.

तपासायला तुम्हाला फक्त कान हवेत. एकापेक्षा जास्त वस्तू असताना त्यानं विशेषणाला ‘स’ लावला का, ते ऐका. लावला तर चूक. तुलना करताना ‘दॅन’ ऐकू आला की त्याआधी ‘अर’चा आवाज किंवा ‘मोर’ आला होता का, ते ऐका. ‘वर्स’ आणि ‘लेस’ हे दोन शब्द सोडून द्या, त्यांत तो आवाज येत नाही. बाकी कुठेही आला नसेल तर तिथेच थांबवा आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावा.